जॉर्ज सायमन ओहम : शाळेच्या प्रयोगशाळेत सापडलेला नियम



नववीच्या ‘धाराविद्युत’ या पाठात ओहमचा नियम येतो आणि मुलं तो दोन दिवसांत पाठ करून टाकतात. विभवांतर भागिले विद्युतधारा म्हणजे रोध. इस्त्रीला २३० व्होल्ट दिले आणि ५ अँपिअर धारा वाहिली, तर रोध ४६ ओहम. विभवांतर गुणिले विद्युतधारा म्हणजे शक्ती, म्हणून तीच इस्त्री ११५० वॅटची. उदाहरण सुटलं, गुण मिळाले, पुढचा प्रश्न!

पण हा भागाकार करायला ज्या दोन संख्या लागतात, त्या मोजायला ना धड ॲमीटर होता ना व्होल्टमीटर, अशा काळात हा नियम कुणाला आणि कसा सापडला, हे वर्गात सांगायचं राहूनच जातं. शोधणारा कुणी विद्यापीठातला मोठा प्राध्यापक नव्हता. मुलांना गणित आणि भौतिकी शिकवणारा, वह्या तपासणारा शाळामास्तर होता. म्हणून त्यांचं चरित्र आपण जरा सविस्तर पाहू या.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग हे कुलुपं-किल्ल्या बनवणारे कारागीर. आई एका शिंप्याची मुलगी. या जोडप्याला सात मुलं झाली, त्यातली जगली फक्त तीन : जॉर्ज, मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली.

वडिलांचं शाळेतलं शिक्षण जवळजवळ नव्हतंच. पण या माणसाने काम करता करता स्वतःच्या हिमतीवर गणित, भौतिकी, रसायन, तत्त्वज्ञान असं बरंच काही वाचून आत्मसात केलं होतं. दोन्ही मुलांना त्यांनी घरीच शिकवलं, आणि तेही शाळेपेक्षा बरं. गावातल्या विद्यापीठातले प्राध्यापक लांग्सडॉर्फ यांनी या मुलांची परीक्षा घेतली तेव्हा ते चकित झाले. एका घरातून अनेक गणिती देणाऱ्या बर्नोली घराण्याशी त्यांनी या दोन भावांची तुलना केली. (धाकटा मार्टिन पुढे खरोखरच गणिताचा प्राध्यापक झाला. भूमितीतल्या एका प्रसिद्ध गुणोत्तराला ‘सुवर्ण छेद’ हे नाव छापील पुस्तकात वापरणाऱ्या पहिल्या लोकांमध्ये तो येतो.) पालकांनी थोडं थांबून बघावं अशी ही गोष्ट आहे. घरात पैसा नव्हता, पण हातात कानस आणि टेबलावर गणिताचं पुस्तक, दोन्ही होतं. कानशीचा उपयोग पुढे येणारच आहे.

१८०५ मध्ये जॉर्ज एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. आणि काय केलं? नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स! वडिलांचा पारा चढला. पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवायचं आणि त्याने वेळ असा उधळायचा, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी त्याला सरळ विद्यापीठातून काढलं आणि स्वित्झर्लंडला धाडलं. तिथे गोटश्टाट इथल्या एका शाळेत सप्टेंबर १८०६ मध्ये तो गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झाला. वय वर्षं सतरा. पुढे नशाटेल इथे खासगी शिकवण्या केल्या. लांग्सडॉर्फ सर तोवर हायडेलबर्गला गेले होते. त्यांच्याकडे शिकायला यायची इच्छा त्याने कळवली, पण सरांनी ऑयलर, लाप्लास, लाक्रोआ यांचे ग्रंथ स्वतःच वाचून काढ असा सल्ला दिला. बिलियर्ड्सवाल्या मुलाने तो मनावर घेतला. १८११ मध्ये एर्लांगेनला परत येऊन त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली.

यानंतरची काही वर्षं ओढाताणीचीच होती. विद्यापीठात तीन सत्रं शिकवलं, पण त्या पैशात भागेना. १८१३ पासून बांबेर्गच्या शाळेत नोकरी केली. ती शाळा १८१६ मध्ये बंदच पडली, मग दुसऱ्या गर्दीने भरलेल्या शाळेत गणिताच्या मदतीला पाठवलं गेलं. या काळात ओहम यांनी भूमिती कशी शिकवावी यावर एक पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित थेट प्रशियाच्या राजाला पाठवून दिलं. राजाला ते आवडलं. १८१७ मध्ये कलोनच्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकीचा शिक्षक म्हणून बोलावणं आलं.

कलोनच्या या शाळेत दोन गोष्टी चांगल्या होत्या. एक म्हणजे मुलं हुशार होती. पुढे संख्या सिद्धांतात आणि विश्लेषणात मोठं नाव कमावणारा डिरिखले हा गणिती या शाळेत ओहम यांच्या हाताखाली शिकला. दुसरी गोष्ट म्हणजे प्रयोगशाळा. शाळेच्या मानाने ती चांगलीच सुसज्ज होती. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओरस्टेड यांनी दाखवलं, की विद्युतधारा वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची हलते. ही बातमी युरोपभर पसरली आणि शाळेत शिकवणं सांभाळून ओहम यांनीही तारा, घट आणि सुई घेऊन प्रयोग सुरू केले.

प्रश्न साधा होता. तार लांब केली तर विद्युतधारेचा परिणाम किती कमी होतो? १८२५ मध्ये त्यांनी पहिला निबंध छापला. त्यात दिलेलं सूत्र लॉगॅरिदमचं होतं, आणि ते चुकीचं होतं. पाठ्यपुस्तकं हे सांगत नाहीत. पण मला विचाराल तर ओहम यांच्या आयुष्यातला सर्वांत शिकवण्याजोगा भाग इथेच सुरू होतो.

चूक गणितात नव्हती, घटात होती. त्या वेळचा व्होल्टाचा घट जोडला की आधी सुई जोरात हलायची आणि मग धारा उतरत जायची. घटाचा स्वतःचा रोधही मोठा आणि तोही बदलणारा. म्हणजे तारेची लांबी बदलताना दुसरीकडे घटही गुपचूप बदलत होता. अशा मापांतून निघेल ते सूत्र खरं कसं असणार? या वेळी पॉगेनडॉर्फ या विज्ञान नियतकालिकाच्या संपादकांनी एक मोलाची सूचना केली : घट सोडा, सीबेक यांनी नुकताच शोधलेला औष्णिक जोड वापरा. दोन वेगळे धातू दोन ठिकाणी जोडले आणि एक सांधा गरम, दुसरा थंड ठेवला की धारा वाहते. तापमानातला फरक जोवर कायम, तोवर धारेचं बळही कायम.

ओहम यांनी बिस्मथची कांडी आणि तांब्याच्या पट्ट्या घेतल्या. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत असेपर्यंत आणि बर्फ वितळत असेपर्यंत तापमानं जागची हलत नाहीत, हे तर आपली सहावी-सातवीची मुलंही सांगतील. धारा मोजण्यासाठी त्यांनी पीळतराजू स्वतः बनवला. वरून पातळ पट्टीने टांगलेली चुंबकसूची, ती धारेमुळे वळली की वरची चकती फिरवून तिला पुन्हा मूळ जागी आणायचं आणि किती पीळ द्यावा लागला ते वाचायचं. इतकं नाजूक यंत्र नीट बनवायला कारागिराचा हात लागतो. कुलूपवाल्याच्या घरातली कानस इथे कामाला आली.

आता जानेवारी १८२६. तांब्याच्या सारख्याच जाडीच्या आठ तारा : २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या. ८ जानेवारीच्या मापांत २ इंचाच्या तारेला पीळ आला ३२६.७५ भाग. ४ इंचाला ३००.७५. ६ इंचाला २७७.७५. १८ इंचाला १९०.७५, ३४ इंचाला १३४.५, आणि १३० इंचाला ४८.५.

हे आकडे फळ्यावर लिहा आणि वर्गाला विचारा, लांबी दुप्पट झाली की धारा निम्मी व्हायला हवी ना? मग २ इंचांवरून ४ इंचांवर गेल्यावर ३२६ ची ३०० च का झाली? १६३ का नाही? हुशार मूल म्हणेल, नियम चुकला. ओहम यांनाही हाच पेच होता. त्यांनी तो असा सोडवला : वाचन म्हणजे ‘अ’ भागिले (‘ब’ अधिक तारेची लांबी). त्या दिवशीच्या मापांसाठी अ आला ७२८५ आणि ब आला २०.२५. करून बघा. २ इंचाच्या तारेसाठी ७२८५ भागिले २२.२५ म्हणजे ३२७.४. ४ इंचासाठी ३००.४. १८ इंचासाठी १९०.५. १३० इंचासाठी ४८.५. हाताने बनवलेल्या यंत्रावर इतकं जुळणं म्हणजे कमालच!

हा ‘ब’ म्हणजे काय? परिपथातल्या बाकी सगळ्याचा रोध. बिस्मथची कांडी, जोडण्या, सगळं मिळून जणू २०.२५ इंच जास्तीची तांब्याची तार प्रत्येक वेळी जोडलेलीच होती. म्हणून २ ऐवजी ४ इंच तार लावली, तरी एकूण लांबी २२.२५ वरून २४.२५ एवढीच होत होती. आणि ‘अ’ म्हणजे धारा ढकलणारं बळ. ओहम यांनी दोन सांध्यांमधला तापमानाचा फरक कमी करून पाहिला, तेव्हा अ उतरला पण ब तसाच राहिला. ढकलणारं बळ वेगळं, अडवणारा रोध वेगळा, हे या एका प्रयोगात स्वच्छ सुटं झालं. आज आपण ज्याला घटाचा अंतर्गत रोध म्हणून अकरावी-बारावीला शिकवतो, तो या नियमाच्या जन्मापासून त्याच्या पोटात आहे. आपण मात्र नववीला तो वगळून सोपा भाग तेवढा देतो. चुकीचं नाही, पण प्रयोगशाळेत वाचनं बिघडली की गोंधळ तिथेच होतो.

शाळेत ओहमच्या नियमाचा प्रयोग करताना एवढं जरूर करा. चावी फक्त वाचन घेण्यापुरती लावा आणि लगेच काढा. सतत लावून ठेवली की घट उतरतो, तार तापते आणि आलेखाची सरळ रेषा वाकडी होते. जुना घट असेल तर चावी लावताच व्होल्टमीटरचं वाचन खाली येतं, ते मुलांना मुद्दाम दाखवा. १८२५ मध्ये ओहम यांना नडलं ते याच जातीचं काहीतरी होतं.

पहिला निबंध छापून वर्षही झालं नव्हतं, तोच ओहम यांनी बरोबर सूत्र जाहीर केलं होतं. आता त्यांना हे सगळं नीट मांडायचं होतं. त्यांनी अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेतली आणि भाऊ मार्टिनकडे बर्लिनला गेले. १८२७ मध्ये विद्युत परिपथाचा गणिती विचार मांडणारं त्यांचं पुस्तक आलं. त्यामागची कल्पना फूरिए या फ्रेंच गणितीच्या उष्णतेच्या सिद्धांतावरून सुचलेली होती. जशी तापमानातल्या फरकामुळे सळईतून उष्णता वाहते, तशी विद्युत ताणातल्या फरकामुळे तारेतून वीज वाहते. (वर्गात आपण पाण्याच्या टाकीचं आणि नळाचं उदाहरण देतो. ओहम यांच्या डोळ्यांसमोर तापलेली सळई होती. दोन्ही चालतात.) आजच्यासारखी तीन अक्षरं त्यांनी लिहिली नव्हती. त्यांच्या सूत्रात ताण भागिले परिपथाची एकूण ‘हिशेबी लांबी’ म्हणजे धारा, असं होतं.

या पुस्तकावर विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेल, अशी ओहम यांची आशा होती. तसं काहीच झालं नाही. त्या वेळी जर्मनीत निसर्गाचं चिंतन तत्त्वज्ञानाच्या अंगाने करणाऱ्यांचा जोर होता आणि भौतिकीत एवढं गणित कशाला, असं अनेकांना वाटायचं. बर्लिनच्या पोल नावाच्या अभ्यासकाने पुस्तकावर कडक टीका लिहिली. पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांतल्या बहुतेकांनी ते वाचलंच नाही.

ओहम यांना नोकरीवरून हाकलून दिलं असं काही ठिकाणी लिहिलेलं आढळतं, ते खरं नाही. १८२८ मध्ये कलोनच्या नोकरीचा राजीनामा त्यांनी आपणहून दिला. मन खट्टू झालं होतं, मानी स्वभाव होता. वय एकोणचाळीस, लग्न केलेलं नव्हतं, पुढेही केलं नाही. नंतरची पाच वर्षं त्यांनी बर्लिनमध्ये लष्करी शाळेतले थोडेसे तास आणि शिकवण्या यांवर काढली. आज जगभरच्या शाळांत ज्यांचा नियम शिकवला जातो, त्या माणसाकडे कायमची नोकरी नव्हती. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली तेव्हा कुठे घडी बसली. १८३९ मध्ये ते तिथले प्रमुख झाले.

मान्यता आली ती बाहेरून. जर्मनीत फेशनर यांनी १८३१ मध्ये पुष्कळ मोजमापं करून नियम पडताळला होता, फ्रान्समध्ये पुइये यांनी स्वतंत्रपणे तेच काढलं. पण खरा धक्का दिला तारयंत्राने. मैलोन्‌मैल तारा टाकायच्या, तर टोकाला सुई हलण्यापुरती धारा पोचायला किती घट लागतील? हे आता तत्त्वज्ञानाने सांगता येत नव्हतं, भागाकारच करावा लागत होता. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कोप्ली पदक दिलं. पुस्तक छापल्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

इथे एक मजेची गोष्ट सांगतो. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांना हाच संबंध ओहमच्या कितीतरी आधी, १७८१ च्या सुमारास, मिठाच्या पाण्यावर प्रयोग करताना सापडला होता. त्यांचं धारामापक कोणतं? स्वतःचं शरीर! झटका किती जोराचा बसतो त्यावरून ते तुलना करत. (मुलांना हे सांगाल तेव्हा सोबत ताकीदही द्या.) त्यांनी ते छापलंच नाही. मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये त्यांची टिपणं प्रसिद्ध केली तेव्हा जगाला कळलं. तोवर नियमाला ओहम यांचं नाव पक्कं चिकटलं होतं, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

आता शक्तीचं काय? विभवांतर गुणिले विद्युतधारा हे सूत्रही मुलं ओहमच्याच खात्यावर टाकतात. ते काम वेगळं आहे. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड इथल्या दारूभट्टीवाल्याच्या मुलाने, जेम्स जूल याने, १८४० च्या सुमारास तारा पाण्यात बुडवून पाणी किती तापतं ते मोजलं. उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात निघाली. त्यात ओहमचा नियम घातला की धारेचा वर्ग गुणिले रोध आणि विभवांतर गुणिले धारा ही एकच गोष्ट ठरते. हा ‘वर्ग’ महत्त्वाचा आहे, बरं का. आपली ४६ ओहमची इस्त्री घ्या. गावाकडे संध्याकाळी दाब १६० व्होल्टवर आला, तर धारा साधारण ३.५ अँपिअर आणि शक्ती जेमतेम ५५६ वॅट. दाब तीस टक्क्यांनी घटला, पण शक्ती निम्म्याहूनही खाली गेली. इस्त्री कोमट का राहते, याचं उत्तर मुलांना स्वतः काढू द्या.

आणि जुना तारेचा बल्ब मिळाला तर तोही वर्गात न्या. ६० वॅट, २३० व्होल्ट असं त्यावर लिहिलेलं असतं. हिशेबाने धारा ०.२६ अँपिअर आणि रोध सुमारे ८८२ ओहम. मग होल्डरमधून काढलेला, थंड बल्ब मल्टिमीटरने मोजा. आकडा शंभराच्याही आत येईल. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तार पांढरीशुभ्र तापल्यावर तिचा रोध कितीतरी वाढतो. म्हणूनच नियमात वाहकाची भौतिक स्थिती कायम असताना ही अट आहे. मुलं हे शब्द सर्वांत आधी गाळतात. ओहम यांनी उकळतं पाणी आणि बर्फ घेऊन सारा आटापिटा केला तो उगमाचं बळ स्थिर राहावं म्हणून. तारेच्या बाबतीतही स्थिरतेचं महत्त्व तेवढंच आहे.

पुढे ओहम यांनी ध्वनीवरही काम केलं. आपला कान संमिश्र आवाजातले साधे सूर वेगळे करून ऐकतो, हा विचार त्यांनी १८४३ मध्ये मांडला. त्यावरही वाद झाला आणि नंतर हेल्महोल्ट्झ यांनी तो पुढे नेला. १८४९ मध्ये ते म्युनिकला गेले. विद्यापीठातली भौतिकीच्या प्राध्यापकाची जागा, जिची तरुणपणापासून आस होती, ती मिळाली १८५२ मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी. ती त्यांना दोनच वर्षं लाभली. १८५४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी आपल्या व्याख्यानांवर आधारित भौतिकीचं पुस्तक छापलं, आणि त्याच वर्षी ६ जुलैला म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं.

१८८१ मध्ये पॅरिसला विजेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि रोधाच्या एककाला ओहम हे नाव सर्वांनी मान्य केलं. पण एक ओहम म्हणजे नेमका किती, हे दाखवायचं कसं? १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत ठरलं : वितळत्या बर्फाच्या तापमानाला, ठरावीक वजनाचा आणि सगळीकडे सारख्याच जाडीचा, १०६.३ सेंटिमीटर लांबीचा पाऱ्याचा स्तंभ. म्हणजे पुन्हा लांबीच, आणि पुन्हा बर्फ. चिन्हाचं मात्र वेगळं कारण आहे. ओहम या नावाचं रोमन लिपीतलं पहिलं अक्षर अगदी शून्यासारखं दिसतं. दहा ओहम लिहिलं की कुणी शंभर वाचायचा. म्हणून ग्रीक वर्णमालेतलं ओमेगा घेतलं गेलं.